शोधगंगेत बेळगाव कुठं सापडतं?

शोधगंगा ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सेवा. देशभरातल्या विद्यापीठांनी मान्य केलेले पीएच.डी.चे प्रबंध इथं वाचायला मिळतात. पैसे लागत नाहीत, वाचण्यासाठी खातं उघडावं लागत नाही. प्रबंधांची संख्या पाच लाखांच्या वर गेली आहे. एवढं सांगून थांबलं तर ती जाहिरात झाली. म्हणून प्रश्न जरा नेमका घेऊ. खानापूरचे एखादे मास्तर, निपाणीतली समाजकार्याची विद्यार्थिनी किंवा बेळगावातला बातमीदार आपल्याच जिल्ह्यावर झालेलं संशोधन शोधायला बसला, तर ते हाती लागतं का?

लागतं, पण पहिल्या झटक्यात नाही. आणि आरोग्याच्या बाबतीत तर अर्धंच लागतं.

मुळातली अडचण अशी की इथली कपाटं विद्यापीठांच्या नावानं लावलेली आहेत. आधी विद्यापीठ, त्यात विभाग, त्यात प्रबंध. ज्याचा जिल्हा एकाच विद्यापीठाच्या पोटात आहे त्याला हे सोयीचं. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ 1949 चं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ 1962 चं, बेळगावातलं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ 1998 चं, बेळगावातल्याच केएलई या शिक्षणसंस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा 2006 मध्ये आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये. म्हणजे जिल्ह्यावरचा प्रबंध कुठल्या काळातला आणि कुठल्या विषयातला, त्यावर त्याचं कपाट ठरतं. मराठीतला प्रबंध कोल्हापूर, पुणे, मुंबई, धारवाड किंवा राणी चन्नम्मा, यांतल्या कुठेही असू शकतो. हलशी आणि देगावच्या कदंबांवर वाचायचं तर गोवा विद्यापीठाच्या इतिहास विभागातही डोकवावं लागतं, कारण गोव्याच्या कदंबांची एक राजधानी हलशी होती. पुरातत्त्व आणि बोलीभाषांसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. फक्त राणी चन्नम्मा विद्यापीठाचं कपाट उघडून ‘आपल्यावर काहीच काम झालेलं नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. ते चुकीच्या दुकानात चौकशी करून आलेले असतात.

म्हणून विद्यापीठ निवडायच्या फंदात न पडता थेट शोधपट्टीत शिरायचं. आणि तिथं खरी मेख आहे ती स्पेलिंगची.

1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं अधिकृत नाव बदलून बेळगावी झालं. शोधपट्टीला हे माहीत नाही. तिला जुनं नाव आणि नवं नाव म्हणजे दोन वेगळी गावं. रोमन लिपीत जुनं बी-ई-एल-जी-ए-यू-एम टाकलं की एक यादी येते, नवं बी-ई-एल-ए-जी-ए-वी-आय टाकलं की दुसरी. मधला ‘ए’ गाळून लिहिणारेही आहेत, त्यांचे प्रबंध तिसऱ्या यादीत. मराठी प्रबंधांची शीर्षकं कुठं देवनागरीत नोंदवलेली, कुठं रोमन अक्षरांत उतरवलेली. तेव्हा देवनागरीत ‘बेळगाव’ टाकून चौथा शोध आणि रोमनमध्ये शेवटी ‘ओ-एन’ लावून पाचवा. कन्नड प्रबंधांसाठी कन्नड लिपीतला शोध वेगळा. हे सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर एका यादीवरच समाधान मानावं लागतं, आणि काय राहिलं ते कळतही नाही.

तालुक्यांची तीच गत. निपाणी एका ‘पी’नं आणि दोन ‘पी’नं, चिकोडी एका ‘के’नं आणि दोन ‘के’नं, सौंदत्ती तर तीन-चार प्रकारे. यल्लम्मावर शोधताना ‘रेणुका’ हा शब्द वेगळा टाकावा. हलशीसाठी ‘पलाशिका’ आणि बेळगावसाठी ‘वेणुग्राम’ ही जुनी नावंही टाकून बघावीत. इतिहासाचे संशोधक शीर्षकात तीच वापरतात. खानापूरचा घोळ आणखी वेगळा. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, विट्याचा. शिवाजी विद्यापीठात त्या खानापूरवर काम झालं की ते आपल्या यादीत येऊन बसतं. शीर्षकात जिल्ह्याचं नाव नसेल तर सारांश उघडून बघण्यावाचून इलाज नाही. द्राक्षं दिसली तर सांगलीकडचं आणि जंगल दिसलं तर आपलं, हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. पण अंदाज तो अंदाज.

नद्यांचं तर विचारूच नका. भीमगडच्या जंगलात उगम पावणारी जी नदी आपल्याकडच्या कागदांत ‘महादयी’, तीच गोव्याच्या कागदांत ‘म्हादई’ आणि खाली पणजीकडं ‘मांडवी’. या नदीचं पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा योजनेवर दोन्ही बाजूंचं वाचायचं असेल तर तिन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो. एका नावानं शोधणाऱ्याला एकाच राज्याची बाजू वाचायला मिळते, आणि तीच पूर्ण आहे असं वाटतं.

शोध घेताना दोन शब्द असतील तर ते अवतरणचिन्हांत टाकावेत, नाहीतर ज्यात नुसतं ‘जिल्हा’ आहे असे हजारो प्रबंध समोर येतात. मग डाव्या-उजव्या बाजूच्या चाळण्यांतून विषय, वर्ष, विद्यापीठ गाळत यावं. मार्गदर्शकाच्या नावानं शोधण्याची सोय मात्र फार उपयोगी आहे आणि ती कमी लोक वापरतात. एक चांगला प्रबंध सापडला की त्याच्या मार्गदर्शकाचं नाव टाकायचं. त्याच विषयावरचे चार-पाच भाऊबंद बाहेर पडतात. कुठल्याही स्पेलिंगच्या खटाटोपापेक्षा हा रस्ता जवळचा.

विषयाच्या नावावर फार विसंबू नये. निपाणीच्या तंबाखू आणि विडी कामगारांच्या तब्येतीवरचं काम वैद्यकाच्या विभागात असेलच असं नाही. ते समाजकार्य, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, महिला अध्ययन यांतल्या कुठल्याही विभागात असू शकतं. सौंदत्तीच्या देवदासी प्रथेवरचं काम इतिहासात, समाजशास्त्रात, कन्नड विभागात, कायद्यात, आणि एचआयव्हीच्या निमित्तानं आरोग्याच्या अंगानंही. मलप्रभा-घटप्रभा खोऱ्यातल्या उसाचं पाणी भूगोलात मुरतं आणि अर्थशास्त्रात निघतं. शेतीवरचं बरंचसं मात्र इथं नाहीच: बेळगाव जिल्हा धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येतो आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध, एम.एस्सी.चे धरून, ‘कृषिकोश’ या वेगळ्या भांडारात पाहावे लागतात.

प्रबंध उघडला की तो एका फाइलमध्ये नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रम, सारांश, एकेक प्रकरण, संदर्भसूची अशा क्रमांक घातलेल्या सुट्या पीडीएफ असतात. पहिल्यांदा बघणारा 01 पासून सुरुवात करतो आणि आभारप्रदर्शनात अडकतो. त्याऐवजी शेवटाकडं जावं. बहुतेक नव्या प्रबंधांना 80 क्रमांकाची एक फाइल असते, तिच्यात मुखपृष्ठासोबत निष्कर्ष आणि शिफारशी असतात. आधी ती, मग अनुक्रम, मग संशोधन पद्धतीचं प्रकरण. तिथं नमुना किती घरांचा, किती गावांचा, कुठल्या वर्षी घेतला ते बघायचं. शीर्षकात ‘बेळगाव जिल्हा’ असतं आणि आत दोन तालुक्यांतली मोजकी घरं असतात, हे पाहायला मिळतं. संदर्भसूची शेवटी, पण ती वाचायचीच. स्थानिक मासिकं, स्मरणिका, ताम्रपटांचे जुने अंक यांचा पत्ता तिथंच लागतो. हलशीचे कदंब ताम्रपट शिलालेख-ताम्रपटांचे अभ्यासक फ्लीट यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापले, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाववरचा 21 वा खंड 1884 चा. ही मूळ साधनं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात, तेव्हा प्रबंधातला उतारा मुळाशी ताडून पाहता येतो.

आता मराठी प्रबंधांबद्दल, कारण इथं सेवेची सगळ्यात मोठी उणीव उघडी पडते. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी प्रबंध श्रीलिपी, आयएसएम असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्यांना ‘क’ दिसतो, संगणकाला रोमन चिन्ह दिसतं. त्यामुळं अशा पीडीएफमध्ये ‘बेळगाव’ शोधलं तर एकही जागा सापडत नाही, आणि उतारा कॉपी केला तर रोमन कचरा चिकटतो. त्याहून जुने प्रबंध तर निव्वळ स्कॅन, म्हणजे पानांचे फोटो. थोडक्यात, मराठी प्रबंध शीर्षकावरून सापडला तर सापडला. आतल्या मजकुरावरून सापडणं कठीण. इंग्रजी प्रबंधाला जी सोय आपोआप मिळते ती मराठीला मिळत नाही, आणि पाच लाखांच्या भांडारात ही गोष्ट बारीक म्हणून सोडून देता येणार नाही.

घरच्या घरी यावर तोड आहे. हवं ते प्रकरण उतरवून घ्यायचं, त्याचे 2 एमबीच्या आतले तुकडे करायचे, गूगल ड्राइव्हवर चढवून ‘गूगल डॉक्समध्ये उघडा’ म्हणायचं. मजकूर युनिकोडमध्ये उतरतो. तुकडे मोठे ठेवले तर ओळखीत गडबड होते किंवा काम अर्धवट राहतं. रफार, अनुस्वार आणि आकडे नजरेखालून घालावेतच. तक्ते तर हातानंच पुन्हा मांडावे लागतात, कारण रकाने एकमेकांत मिसळतात. ज्यांना संगणकाची भीती नाही त्यांच्यासाठी पानाच्या फोटोतून मजकूर वाचणारं टेसरॅक्ट हे फुकट साधन आहे. त्यात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या फाइली मिळतात आणि एकाच पानावर दोन्ही भाषा असतील तर दोन्ही एकदम लावता येतात. आपल्याकडच्या शिलालेखांवरच्या आणि लोकगीतांवरच्या कामात हे वरचेवर लागतं.

आरोग्याच्या विद्यार्थ्यांनी मात्र शोधगंगेवर भिस्त ठेवू नये. इथं पीएच.डी. आणि एम.फिल. आहेत, एम.डी., एम.एस.चे प्रबंध सहसा नाहीत. बेळगावातलं बरंच वैद्यकीय संशोधन तर एकतर एम.डी.च्या प्रबंधात असतं किंवा परदेशी नियतकालिकात. एम.डी.च्या कामाचा माग काढायला सीटीआरआय, म्हणजे आपल्या देशाची वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही, जास्त कामाची. ती जुलै 2007 मध्ये सुरू झाली. प्रत्येक नोंदीत ‘पदव्युत्तर प्रबंध आहे का’ असा रकाना आहे आणि चाचणी कुठल्या रुग्णालयात, कुठल्या गावात होते त्याचा पत्ता आहे. नोंदणी क्रमांकातच वर्ष आणि महिना लिहिलेला असतो. चाचणी सुरू झाल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख ताडून बघावी. 1 एप्रिल 2018 पासून चाचणी सुरू होण्याआधीच नोंदणी करावी लागते. त्याआधीच्या नोंदींत काम झाल्यावर केलेल्याही आहेत, आणि तिथं आधी ठरवलेलं काय आणि नंतर बसवलेलं काय हे ओळखणं अवघड.

छापून आलेल्या निबंधांसाठी पबमेड, म्हणजे वैद्यकीय निबंधांची इंटरनेटवरची सूची. तिथंही गावाच्या नावानं शोधणारा कसा फसतो त्याचं हे उदाहरण. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखण्यासाठी तोंडानं घ्यायच्या मिसोप्रोस्टॉल गोळ्यांची चाचणी 2002 ते 2005 मध्ये बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत झाली. 1,620 बाळंतिणी, 25 परिचारिका, मात्रा 600 मायक्रोग्रॅम. अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. एवढं मोठं काम, पण शीर्षकात बेळगाव नाही. ‘साधनांची चणचण असलेल्या समाजांत’ एवढंच आहे. संस्थेच्या पत्त्यावरून शोधावं तर पबमेड 2014 च्या आधी फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत असे, आणि इथं पहिला लेखक अमेरिकेतला. त्यामुळं 2014 च्या आधीचं वैद्यकीय काम गावावरून शोधू नये. विषयाचे शब्द, वर्षाची मर्यादा आणि जोडीला स्थानिक सहलेखकाचं नाव, असा शोध घ्यावा.

औषधी वनस्पतींकडं वळलं की नावांचा तिढा पुन्हा येतो, यावेळी लॅटिनमध्ये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, 2006 पासूनची, आणि सह्याद्रीतल्या वनस्पती हा तिचा मोठा विषय. नरक्याचं झाड घ्या. कर्करोगावरच्या औषधांसाठी लागणारं कॅम्पटोथेसिन यातून मिळतं. मूळ शोध 1966 मध्ये एका चिनी झाडात लागला, आपल्या नरक्यात ते 1972 मध्ये दाखवलं गेलं. आज त्याचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या निबंधांत मात्र तेच झाड नोथापोडायटिस फोएटिडा आहे, त्याहून जुन्यांत मॅपिया फोएटिडा. ‘नरक्या’ टाकून क्वचितच काही सापडेल. आधी कुठल्याही वनस्पतिकोशातून सगळी जुनी शास्त्रीय नावं काढावीत, मग एकेक टाकावं. मराठी-कन्नड-कोंकणी नावं शेवटी, ती लोकवैद्यकाच्या प्रबंधांत उपयोगी पडतात.

प्राण्यांच्या बाबतीत हा त्रास कमी. बारापेडे गुहेतल्या प्रसिद्ध वटवाघळाचं नाव, ओटोमॉप्स रॉटनी, एवढं वेगळं की ते टाकलं की भीमगडच्या जंगलातली ही गुहा सापडतेच. प्राणिशास्त्रज्ञ थॉमस यांनी 1913 मध्ये त्याचं वर्णन केलं ते याच गुहेतल्या नमुन्यांवरून.

शोधगंगेत फक्त प्रबंध; नियतकालिकं वाचायची तर 1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची सामायिक वर्गणीची योजना आहे. 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं, तीन वर्षांना 6,000 कोटी, आणि सांभाळायला पुन्हा इन्फ्लिबनेटच. पहिल्या टप्प्यात ही सोय केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांना आणि केंद्राच्या संशोधन संस्थांना आहे. खासगी संस्थांना नाही. म्हणजे एकाच शहरात, एकाच विषयावर काम करणाऱ्या दोघांपैकी सरकारी संस्थेतला आत आणि खासगीतला बाहेर. कॉलेजात विचारताना ‘आपल्याकडं नेट आहे का’ असं विचारू नका. ‘वन नेशनमध्ये आपली नोंदणी झाली आहे का आणि घरून लॉगिन मिळतं का’ असं ग्रंथपालांना विचारा. नोंदणी होऊनही कुणी लॉगिन मागितलंच नाही म्हणून सोय पडून राहते.

प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी शोधशुद्धी, म्हणजे वाङ्मयचौर्य तपासणी. 2018 च्या नियमाप्रमाणं 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. 10 ते 40 ला सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, 40 ते 60 ला वर्षभर बंदी, 60 च्या वर नोंदणीच रद्द. जुन्या फॉन्टमधला मजकूर यंत्राला वाचताच येत नाही, तेव्हा त्या अहवालातल्या ‘शून्य टक्के’वर खूश होण्यात अर्थ नाही. मराठीतलं लेखन युनिकोडमध्येच द्यावं, यंत्रासाठीही आणि पुढच्या वाचकासाठीही.

गुण द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. संस्कृती, इतिहास आणि समाजशास्त्रासाठी चार, वनस्पती-प्राण्यांसाठी तीन, वैद्यकासाठी दोन. कोल्हापूरला जायचं म्हणजे शंभरावर किलोमीटर, धारवाडला पाऊणशे. एका संदर्भासाठी दिवस मोडायचा आणि ग्रंथालयात प्रबंध बाहेर गेलेला निघायचा, त्या मानानं घरी बसून निम्मं जरी मिळालं तरी पैसे वसूल म्हटलं असतं. इथं तर पैसेही नाहीत.

सापडलेला प्रबंध संदर्भात देताना ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता देऊ नये. प्रत्येक प्रबंधाच्या पानावर 10603 नं सुरू होणारा हँडल क्रमांक असतो, तो द्यावा. संकेतस्थळाची रचना बदलली तरी तो त्याच पानावर नेतो. आणि शीर्षक नोंदीत आहे तसंच लिहावं, बेळगावचं स्पेलिंग आपल्या मनानं सुधारू नये, नाहीतर पुढच्या शोधकाला ते सापडणार नाही.